मोहगव्हाण फाट्यावरची पाणलवंग

लातूर स्वतंत्र जिल्हा झाला त्या वर्षी पावसाने दगा दिला, आणि पुढच्या जानेवारीत अहमदपूर रस्त्यावरच्या मोहगव्हाण फाट्याला धाकटी पाणलवंग फुलली. फाट्याच्या जवळपास कुठे तळे नाही. शिवारातला ओढा दोन पावसाळे वाहिलेला नव्हता. पाणलवंग ही चिखलात मुळे रोवून जगणारी वनस्पती आहे. तळ्याचा काठ सोडून ती सहसा कुठे जात नाही.

ती पाहिली लातूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या चांगुणा सोनकांबळेने. तिचे विभागप्रमुख प्राध्यापक भुजंगराव बिरादार यांना ही बातमी स्टाफरूममध्ये कळली, तीही रसायनशास्त्राच्या हणमंतरावांकडून. म्हणजे शेवंती कोणती आणि झेंडू कोणता हे ज्यांना हारवाल्याने सांगावे लागते, त्यांच्याकडून.

"काय बिरादार सर, पेढे कधी?"

"कशाचे?"

"घ्या! विभाग तुमचा, आन विचारून राहिलाव आम्हाला. चांगुणा मॅडमनं नवं फूल काढलं म्हणं. अख्ख्या जिल्ह्यात नसलेलं."

"जिल्ह्याला अजून वर्ष झालेलं नाही," भुजंगराव म्हणाले. "कागदावर त्यात अजून काहीच नाही. उद्या तुम्ही दारातलं गवत उपटलंत तरी ती जिल्ह्यातली पहिली नोंद होईल."

"ते खरं. पर तुमच्या जुन्या पुस्तकातबी न्हाई म्हणत होत्या."

भुजंगरावांनी चहा संपवला. चहा गार होता, आणि तो गार असल्याचे त्यांना संपवल्यावर कळले.

जुने पुस्तक म्हणजे 'उस्मानाबाद जिल्ह्याची वनस्पतिसूची'. तिच्यासाठी भुजंगरावांनी बारा वर्षे उन्हातान्हात काढली होती; एस.टी.ने, बैलगाडीने आणि बहुतेक पायी. सूची छापून झाली आणि दुसऱ्याच वर्षी, ऐन पंधरा ऑगस्टला, सरकारने जिल्ह्याचे दोन तुकडे केले. लातूर, औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर हे पाचही तालुके नव्या जिल्ह्यात गेले. झाडे जागची हलली नाहीत, पण भुजंगरावांची अर्धी झाडे त्यांच्या पुस्तकातून बाहेर पडली. आता नव्या जिल्ह्याची नवी सूची करायचे विद्यापीठाने ठरवले होते. ज्येष्ठतेने ते काम भुजंगरावांकडे येणार, हे सगळेच धरून चालले होते. भुजंगरावही.

मग विद्यापीठाच्या सूची समितीचे पाकीट आले. आत चांगुणाचे टिपण होते आणि सोबत दोन ओळी: आपले मत कळवावे, नोंद मान्य झाल्यास नव्या सूचीच्या कामी सौ. सोनकांबळे यांचा विचार करण्याचे समितीच्या मनात आहे.

भुजंगरावांनी टिपण वाचले. पुन्हा वाचले. विद्यार्थ्याच्या लेखनात चूक सापडली की त्यांना वाईट वाटत असे, अशी त्यांची स्वतःविषयी समजूत होती. त्या दुपारी चूक सापडेना म्हणून त्यांना वाईट वाटले. वाक्ये छोटी होती. विशेषण एकही वावगे नव्हते. पानाची मोजमापे दिली होती, फुलाची दिली होती. पाकळ्या दुपारपर्यंत गळून पडतात हेही लिहिले होते. असे लिहायला या मुलीला त्यांनीच शिकवले होते. बी.एस्सी.च्या वर्गात ती पहिल्या बाकावर बसायची आणि प्रश्न विचारायची. त्या काळी त्यांना तिचे प्रश्न आवडत.

अहमदपूरकडून येणाऱ्या एस.टी.च्या खिडकीतून तिला फूल दिसले होते. चालत्या एस.टी.च्या! बारा वर्षे ज्या रस्त्याने भुजंगराव जात-येत राहिले, त्याच रस्त्याच्या कडेला.

राहता राहिली एक आशा. पाणलवंगेचे दोन प्रकार या भागात सापडतात. थोरली पाणलवंग मांजरेच्या काठाने मुबलक आहे, ती त्यांच्या सूचीत होतीच. धाकटी त्यांनी एकाच ठिकाणी पाहिली होती, नांदेड जिल्ह्यात, भोकरकडच्या एका तळ्यावर. दोघींची फुले पिवळी, दोघींना पाकळ्या चार, दोघींचे फळ लवंगेसारखे, डोक्यावर चार दले घेतलेले. खुजी वाढलेली थोरली भल्याभल्यांना धाकटी वाटते. फरक पुंकेसरांचा. थोरलीला ते आठ असतात, धाकटीला चार. दुष्काळात सगळेच खुजे वाढते. पोरगी नक्की फसली असणार.

प्रयोगशाळा रिकामी झाल्यावर त्यांनी दार लोटून घेतले. चांगुणाने जमा केलेला वाळका नमुना कपाटातून काढला, त्यावरचे एक फूल चिमट्याने सोडवले आणि परीक्षानळीत पाणी उकळून त्यात टाकले. वाळलेले फूल उकळत्या पाण्यात पुन्हा मऊ होते आणि उमलल्यासारखे पसरते. हे करताना आपण दार का लोटले, याचे त्यांना स्वतःशीही नीट उत्तर देता आले नाही. फूल काचेवर घेतले, भिंगाखाली धरले.

चार.

त्यांनी दुसरे फूल काढले. चार. तिसऱ्याला हात घालणार तोच दार उघडले आणि चांगुणा आत आली.

"सर, कपाटाची किल्ली तुमच्याकडंच आहे का? मी शोधून शोधून..." तिचे लक्ष काचेकडे गेले. "अग्गो बाई. धाकटीच निघाली ना?"

"निघाली."

"मला रात्रभर धाकधूक, सर. म्हटलं थोरली निघाली तर बिरादार सर वर्गात उभं करतील. अंगठे धरून."

ती हसली. भुजंगरावही हसले, ते हसू चेहऱ्यावर चढवायला त्यांना थोडे कष्ट पडले.

"ओळख बरोबर आहे," ते म्हणाले. "जागा बरोबर आहे का?"

"म्हणजे?"

"मोहगव्हाण फाट्यावर चिखल कुठला?"

"हापसा आहे की, सर! बहात्तरच्या दुष्काळातला. त्याचं सांडपाणी जिथं मुरतं तिथं."

"हापशाच्या सांडपाण्यात पाणलवंग. मग कॉलेजच्या नळाखाली कमळं लावू."

"नळाला पाणी येऊ द्या, मग लावू," चांगुणा म्हणाली. मग तिच्या ध्यानात आले. तिच्या चेहऱ्यावरचे हसू उतरले. "सर, तुम्हाला वाटतं मी भोकरचं फूल आणून फाट्याचं म्हणून चिकटवलं?"

भुजंगरावांनी भिंग खाली ठेवले. हो म्हणायला पुरावा नव्हता आणि नाही म्हणायला मन नव्हते.

"मग चला की उद्या," ती म्हणाली. "सकाळच्या गाडीनं. दुपारी पाकळ्या गळतात, तुम्हीच शिकवलंय."

घरी नीलम्मांनी ताट वाढले आणि नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिले. त्या उदगीरच्या, माहेरी कानडी. सासरी येऊन वीस वर्षे झाली तरी रागावल्या की मराठीचा सूर तिकडचा लागायचा.

"काय वो, आज भाकर गिळून राहिलाव का दगड?"

"काही नाही. सोनकांबळेला एक फूल सापडलं."

"चांगुणाला? चांगलं झालं की. पोर लई गुणाची." नीलम्मांनी वरण वाढले. "मग तुमाला काय झालं?"

"मला काय व्हायचंय?"

"अव्वा! तोंड बघा आरशात. माझ्या धाकट्या जावेला पैठणी आली तवा माझं असंच झालतं."

भुजंगरावांना ही तुलना अशास्त्रीय वाटली. पण तिच्यातले कोणते विधान चुकीचे आहे, ते त्यांना सांगता आले नसते.

सकाळच्या गाडीत दोघे शेजारी बसले. रस्त्याच्या दोन्ही अंगाला ज्वारी गुडघाभर येऊन करपली होती. चांगुणा खिडकीशी होती आणि सारखी बाहेर बघत होती. भुजंगरावांना वाटले, ही आता आणखी काही काढते की काय. वाटेत त्यांनी मनाशी हिशेब मांडला. फूल फाट्यावर नसेल तर प्रश्न मिटला. असेल, तर ते आले कसे, हे सांगावे लागेल. कारण सांगता येत नाही तोवर नोंद 'संशयास्पद' म्हणता येते. हा शब्द त्यांना आवडला. तो खोटा नव्हता.

फाट्यावर उतरले तेव्हा हापशाला रांग लागली होती. तीन गावच्या बाया, घागरी, डोक्यावरच्या चुंबळी, आणि सगळ्यांवर देखरेख करणारे केरबा नावाचे एक म्हातारे गृहस्थ, ज्यांना कोणी नेमले नव्हते आणि ज्यांचे सगळे ऐकत होते.

"या सर!" केरबा लांबूनच ओरडले. "यंदा गाडी कुठाय? पोरं कुठायत?"

"यंदा सहल रद्द झाली," भुजंगराव म्हणाले.

"बरं झालं. यंदा झाडं धुवू दिली नसती तुमाला. मान्साला न्हाई पाणी." केरबांनी चांगुणाकडे पाहिले. "ही बाई मागं आलती. फुलं मोजून राहिली होती. म्या म्हनलं, देवाला वाहायची का? तर म्हनती, मोजायची."

चांगुणा त्यांना हापशाच्या मागे घेऊन गेली. चौथऱ्यावरून सांडलेले पाणी तिथे एका खोलगट जागेत जाऊन मुरत होते. खाटेएवढा चिखल, फार तर दोन खाटांएवढा. सभोवार भेगाळलेली जमीन आणि मध्ये तेवढाच हिरवा तुकडा. त्यात पाणलवंगेची वीतभर रोपे उभी होती. पाकळ्या अजून शाबूत होत्या. तळहातावर ठेवल्या तर दिसणार नाहीत इतक्या लहान, पण पिवळेपणात कसूर नाही.

भुजंगराव चिखलात गुडघे टेकून बसले. फूल तिथे होते. रुजलेले होते, कोणी आणून खोचलेले नव्हते. गेल्या सालच्या वाळक्या काड्याही बाजूला दिसत होत्या. चांगुणा खरे बोलली होती. बारा वर्षांत त्यांना जे दिसले नाही ते तिला धावत्या गाडीतून दिसले होते, आणि आता तसे लिहावे लागणार होते.

"आलं कसं?" त्यांनी विचारले. आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा कठोर निघाला.

"तेच मला कळत नाही, सर. बदकांच्या पायाला चिखल लागून बी येतं, तसं?"

"बदक इथं काय करायला उतरेल? रांगेत उभं राहायला?"

"तळ्यातला गाळ कुणी शेतात टाकला असंल."

"हे शेत नाही. गावठाणाची पड आहे. आणि गाळ इथवर आणायला तळं कुठंय?"

"गुरं?"

"गुरं भोकरहून पाणी प्यायला इथं येत नाहीत."

प्रत्येक शक्यता त्यांनी खोडली तसतसा 'संशयास्पद' हा शब्द पुन्हा जवळ येऊ लागला. त्याला शास्त्रीय रूप द्यावे म्हणून ते त्या तुकड्यातली उरलेली रोपे पाहू लागले. पाणलवंगेच्या आडोशाला लाल देठाची भरजांभूळ होती, पानांच्या बगलेत दाण्यांसारखी फळे धरून. चिखलाच्या कडेने चौपानी नेचे पसरले होते, ज्याच्या प्रत्येक दांडीवर चार पाने फुलीसारखी बसतात. त्यांनी आणखी शोधले. एरवी ओल्या जागी पाच-पंचवीस जाती सहज मिळतात. इथे हरळी आणि लव्हाळा सोडले तर या तीनच. चौथी नाही.

पाणलवंग, भरजांभूळ, चौपानी नेचे.

भुजंगरावांनी हे तीन शब्द याच क्रमाने कितीतरी वेळा फळ्यावर लिहिले होते. दर वर्षी डिसेंबरात ते बी.एस्सी.च्या मुलांना घेऊन भोकरच्या तळ्यावर जात. त्या तळ्याच्या काठी ऐंशीहून अधिक जाती होत्या. पण प्रात्यक्षिकासाठी प्रत्येक मुलाने मुळासकट आणायच्या त्या तीनच. पक्षी बी नेतात, पाणी नेते, गुरे नेतात. पण यांपैकी कोणीही अभ्यासक्रम पाहून नेत नाही.

त्यांनी मान वर केली. हापशाचा चौथरा, त्याच्या मागचा सपाट दगड, आणि दगडावरून उतरणारे पाणी. या दगडावर ते स्वतः बसत आणि समोर मुले रांगेने मुळे धूत.

मुळाला चिखल राहिला की टीपकागद सडतो, म्हणून मुळे त्याच दिवशी स्वच्छ पाण्यात धुवायची, हा त्यांचा नियम होता. तळ्याचे पाणी गढूळ. कॉलेजच्या नळाला पाणी बेताचे, त्यामुळे तिथे झाडे धुवायला प्राचार्यांची बंदी. परतीच्या वाटेवर पोरांना भाकरी खायला गाडी मोहगव्हाण फाट्याला थांबे. दुसरा नियम असा की फुलझाडाचा नमुना घ्यायचा तर त्याला फूल आणि पिकलेले फळ दोन्ही हवे. नुसत्या फुलाच्या नमुन्याला ते शून्य गुण देत. पाणलवंगेच्या एका पिकलेल्या फळात धुळीसारखे बी असते, नुसत्या धक्क्याने सांडणारे.

चांगुणाही दगडाकडे पाहत होती. तिने तोंडावर हात ठेवला.

"सर! हे तर आपणच लावलंय!"

भुजंगराव उठले. गुडघ्यांचा चिखल झटकण्याचे त्यांना सुचले नाही.

"माझीबी मुळं इथंच धुतलीत," चांगुणा म्हणाली. "तुम्ही ओरडला होता, शेंडा तुटला म्हणून. आठवतंय?" ती चक्क टाळ्या पिटण्याच्या बेतात होती. "आन यंदाच एवढी का फुलली, तेबी कळलं. यंदा रांग मोडतच न्हाई ना, सर! दुसरीकडं कुठं पाणी न्हाई, म्हणून हापसा दिवसभर चालतोय. सांडून सांडून चिखल वाळंना. दुष्काळ आहे म्हणून इथं ओल आहे!"

हा शेवटचा दुवा भुजंगरावांच्या लक्षात आला नव्हता. त्यांनी तो मनात तपासला. तो निर्दोष होता. फूल तिचे, ओळख तिची, आता कारणाचा अर्धा भागही तिचाच. आणि त्याहून जे सोसवेना ते असे की नोंद हातची जात असताना ही पोरगी खूश होती. सत्य कळल्याचा असा निखळ आनंद आपल्याला शेवटचा कधी झाला होता, हे त्यांना आठवेना. त्या क्षणी तिच्या फुलापेक्षा त्यांना तिच्या आनंदाचाच अधिक हेवा वाटला.

"तुझी नोंद गेली," ते म्हणाले. ते म्हणताना बरे वाटले, हे त्यांनी स्वतःपाशी नाकारले नाही. "माणसाच्या हाताने आलेलं रोप जिल्ह्याचं म्हणून धरता येत नाही."

"गेलीच की." चांगुणा चिखलाकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "सर, एक विचारू? रागवायचं न्हाई."

"विचार."

"तुमच्या सूचीत अहमदपूर तालुक्यात भरजांभूळ आहे. चौपानी नेचेपण आहे. दोन्हींची जागा मोहगव्हाण फाटाच दिलीय ना?"

हापशाचा दांडा खाली-वर होत होता. कोणीतरी घागर भरल्याचे सांगितले, कोणीतरी नाही म्हणाले, केरबा दोघींवर ओरडले.

जागा हीच दिली होती. सहलीच्या एका संध्याकाळी, मुले मुळे धूत असताना, या दगडाच्या कडेने ती दोन रोपे उगवलेली त्यांनी पाहिली होती आणि आनंदाने टिपून घेतली होती. पाणलवंगही तेव्हा तिथे असणार. पण संध्याकाळी तिच्या पाकळ्या गळालेल्या असतात, आणि न फुललेल्या फुलझाडाकडे ते पाहत नसत. शिवाय गाडी या एकाच फाट्यावर थांबत नसे. अहमदपूरला थांबे, शिरूरला थांबे; जिथे पाणी मिळेल तिथे मुळे धुतली जात. त्या रस्त्याच्या कडेच्या त्यांच्या नोंदींपैकी किती निसर्गाच्या आणि किती त्यांच्या स्वतःच्या, हे आता त्यांना सांगता येणार नव्हते. ते शोधायला दुसरा माणूस हवा होता.

"तू विचारलंस ते बरोबर आहे," ते म्हणाले.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा त्यांनी घेतली. चांगुणाने ती आपणहून दिली, आणि तेही त्यांना खुपले.

समितीला पाठवायचे मत त्यांनी दुसऱ्या दिवशी कॉलेजमध्ये, दार उघडे ठेवून, लिहिले.

"सौ. सोनकांबळे यांची ओळख अचूक आहे. वनस्पती धाकटी पाणलवंग, अर्थात लुडविजिया पेरेनिस, हीच आहे. पुंकेसर चार आहेत, मी स्वतः मोजले. त्यांनी दिलेली जागाही खरी आहे, मी स्वतः पाहिली. तथापि ही जिल्ह्यातील नैसर्गिक नोंद म्हणून धरता येणार नाही.

माझ्या सूचीतील मोहगव्हाण फाट्याच्या दोन्ही नोंदीही पुढे दिलेल्या कारणासाठी रद्द समजाव्यात, आणि लातूर-नांदेड रस्त्यालगतच्या उरलेल्या सर्व नोंदी माझ्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी तपासाव्यात. नव्या सूचीचे काम ज्याच्याकडे जाईल त्याला ही तपासणी करावी लागेल, म्हणून ते माझ्याकडे देऊ नये. सौ. सोनकांबळे यांना द्यावे.

कारण असे. सन १९७८ ते १९८१ या काळात दर डिसेंबरात माझ्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी भोकरच्या तळ्यावरून पाणलवंग, भरजांभूळ आणि चौपानी नेचे ही तीन रोपे मुळासकट, पहिली दोन पिकल्या फळांसह, आणली व त्यांची मुळे मोहगव्हाण फाट्यावरच्या हापशाच्या दगडावर धुतली. सांडलेले बी आणि नेच्याचे तुटलेले तुकडे चिखलात रुजले. चालू वर्षी दुष्काळामुळे त्या हापशावर तीन गावे पाणी भरतात. त्यामुळे तेथील सांडपाणी आटले नाही, आणि रोपे फुलली."